माझी झाडं आणि तुमचं ‘व्हय’

कावळा लगेच शिवला म्हणे. भाऊजी पिंड ठेवून मागं सरले आणि तोच तो आला, चोच मारून गेला. घाटावरून परतल्यावर भाऊजींनी पडवीत बसून सगळ्यांना सांगितलं, "दादाच्या मनात काय बी राह्यलं न्हवतं. तृप्त गेला." बायका म्हणाल्या, नशीबवान माणूस. शेजारच्या गोदूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते आणि रडू येण्याऐवजी मला संताप आला. लोकांचे कावळे तासन् तास येत नाहीत. मुलीचं लग्न करू, आईला सांभाळू, अशी वचनं द्यावी लागतात तेव्हा कुठं येतात. तुमचा मात्र लगेच आला. म्हणजे माझ्याबद्दल तुमच्या मनात काहीच अडकलं नव्हतं. एवढंसुद्धा नाही.

तुम्ही होतात तेव्हा तुमच्याशी बोलायची सोय कमीच होती. मी ‘अहो’ म्हणायचं, तुम्ही ‘हूं’ म्हणायचं, एवढ्यावर आपला संसार चालला. मनात मी तुम्हाला कितीदा तरी अरे-तुरे केलं आहे, तेही आता सांगून टाकते. पण उघड बोलताना जीभ वळत नाही. तेव्हा अहो-जाहोच करीन, बोलणार मात्र सगळं.

मला फार काही नको होतं. चाळीतल्या चार माणसांसमोर एकदा तुम्ही म्हणायला हवं होतं, की तुमच्या औषधाच्या कारखान्यात जे नुकसान झालं ते हिच्या झाडांमुळं झालं नाही. झाडं परत आणा असंही मी म्हणत नव्हते. फक्त ते एक वाक्य. ते मिळेल म्हणून मी वाट बघत राहिले आणि तुम्ही छातीत कळ येऊन सकाळच्या चहाआधीच उठून गेलात.

लग्न होऊन चिंचवड स्टेशनजवळच्या या चाळीत आले, तेव्हा आधी मी वर बघितलं. डोक्यावर नुसता पत्रा. भिंतींना चुना, आणि दारातून दिसणारा सगळा उघडा माळ. माझे वडील खडकीच्या एका साहेबाच्या बंगल्यावर माळी. साहेब विलायतेला गेला तेव्हा बंगल्याच्या व्हरांड्यातल्या कुंड्या कुणी नेईना, म्हणून वडील घरी घेऊन आले. आमच्या एका खोलीत आठजण झोपायचो आणि नेच्याची कुंडी मात्र खिडकीत ऐसपैस बसलेली असायची. आई ओरडायची, पण तिलाही त्याशिवाय करमत नसे. त्या सगळ्यातून वडिलांनी मला लग्नात थोडी रोपं दिली. भांडी दिली, साडी दिली आणि एका फुटक्या वेताच्या टोपलीत नेचा दिला. तुमच्याकडचे लोक त्या टोपलीकडं बघून हसले होते. चाकणकडचे शेतकरी तुम्ही. मुलीबरोबर गाय आली असती तर कुणी हसलं नसतं.

तुमचं पहिलं वाक्य मला आठवतं. "ह्ये खाता येत न्हाई, इकता येत न्हाई, देवाला वाहता येत न्हाई. मंग ह्ये झाड घरात कशापायी?"

मी म्हणाले, "बघायला."

"बघायला आमच्या शेतात काय कमी झाडं हायेत?"

"शेत इथं कुठंय?"

हा वाद आपला कधी संपलाच नाही. तुमच्या मते झाडाची जागा बाहेर, जनावराची गोठ्यात, आणि घरात माणसं आणि देव. तुळससुद्धा अंगणातच असते की नाही, असं तुम्ही विचारायचात. मी म्हणायचे, अंगण द्या, मग मी आतलं झाड बाहेर नेते. तेव्हा तुम्ही विडी पेटवून पडवीत जायचात. तुम्ही उठून गेलात म्हणून मी जिंकले असं नव्हे. पण तुमच्या पाठीकडं बघून बोलत राहायची सवय मला तेव्हापासूनच लागली.

तरी मी घर सजवलं. तुपाच्या रिकाम्या डब्यांना गेरू लावून त्यांत क्रोटन लावले. ट्रंकेवर जुनं लुगडं अंथरून तिच्यावर लाल-हिरव्या पानांचा रंगीत अळू ठेवला. शकू रांगायला लागली, पाळणा काढून ठेवला, आणि आढ्याचा आकडा रिकामा राहिला. त्या आकड्याला मी नेच्याची टोपली टांगली. गोदूबाई म्हणाल्या, "पाळण्याच्या आकड्याला झाड टांगतात का कुणी? दुसरं मूल नको वाटतं तुला." मी हसून सोडून दिलं. दुसरं मूल झालं नाही तेव्हा त्यांनी ते वाक्य जपून ठेवलं असणार, कारण पुढं बरोबर वेळ साधून बाहेर काढलं.

आणि मग तुमचा तो पराक्रम. मी शकूला घेऊन माहेरी गेले होते. जाताना सांगितलं होतं, झाडांना तेवढं पाणी दाखवा. तुम्ही पाणी तर दाखवलंतच, वर ऊनही दाखवलंत. शेतकऱ्याचं डोकं. उन्हाशिवाय काही पिकतं का? ऐन वैशाखात सगळ्या कुंड्या वाळवणासारख्या चाळीच्या पत्र्यावर नेऊन ठेवल्यात, आणि प्रत्येकीत भावाकडून आणलेलं शेणखत ओंजळ-ओंजळ भरलंत. मी परत आले तर नेचा तव्यावरच्या मेथीसारखा झालेला आणि घरभर गोठ्याचा वास. तुम्ही दारात उभे. रागावणार होते, पण तुमचा चेहरा बघून हसूच आलं. तुम्ही म्हणालात, "मला वाटलं बिचाऱ्यास्नी सावलीत ठिवून तू उपाशी मारतीस."

त्यानंतर तुम्ही बदललात, हे मी मान्य करते. नेच्याच्या मुळाशी जीव होता, तो पुन्हा फुटला. नवं पान गोगलगायीसारखं गुंडाळलेलं वर येतं ते तुम्ही शकूला उचलून दाखवलंत. जुन्या खोक्याच्या फळ्या आणून खिडकीखाली पायऱ्यांची मांडणी ठोकून दिलीत, तीही मी न सांगता. आणि कारखान्यातून बाद झालेल्या बाटल्या आणायला लागलात. सुईच्या औषधाच्या त्या काचेच्या बाटल्या. कुणाच्या तोंडाचा टवका उडालेला, कुणाच्या पोटात बुडबुडा. मुकादमाला विचारून आणायचात, धुवून पुसून ओळीनं ठेवायचात. पानांवर पिवळे शिंतोडे असलेली माझी एक वेल नुसत्या पाण्यात जगते, हे तुम्हाला फार नवल वाटायचं. "माती न्हाई, खत न्हाई, आन् तरी वाढती. लबाड हाय," म्हणायचात. मी बाटल्या खिडकीत मांडल्या, आरशाभोवती मांडल्या, वेल दोरीवरून दारावर चढवली. दुपारी बाहेर माळ तापलेला असायचा आणि आपल्या खोलीत पाय ठेवला की डोळ्यांना गार वाटायचं. चाळीतल्या बायका येऊन बसायच्या. फांदी मागायच्या. गोदूबाईंनीही एक बाटली नेली होती.

छान दिसतं असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. मी कान लावून बसायचे. तुम्ही जेवताना वेलीकडं बघायचात आणि म्हणायचात, भाकरी दे.

आता त्या दिवसावर येते. कारखान्यात औषधाच्या बाटल्यांत कापसाच्या तंतूसारखे धागे दिसले, बुरशी धरली, सगळा माल ओतून टाकावा लागला. भरणी खोलीत, म्हणजे बाटल्यांत औषध भरतात त्या खोलीत, काम करणाऱ्या तुम्हा सगळ्यांना साहेबानं एकेकाला आत बोलावलं आणि घरची चौकशी केली. घरात कोंबड्या आहेत का, ओल आहे का, गोठा आहे का. ज्याच्याकडून ही घाण आली असेल तो घरी जाणार, असं सगळे बोलत होते. तुम्ही संध्याकाळी आलात, टोपी खुंटीला लावली आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "ही झाडं काढायची हायेत."

"का?"

"साहेबानं सांगितलंय. मातीची बुरशी कापडास्नी लागून तिकडं गेली."

"तुम्हाला धुतलेले कपडे देते मी रोज. तिथं गेल्यावर तुम्ही कारखान्याचे कपडे घालता. माझ्या झाडांनी केलं हे?"

तुम्ही म्हणालात, "व्हय."

एवढंच. त्या एका ‘व्हय’वर मी इतकी वर्षं काढली आहेत. मला वाटलं, साहेबानं शोधून काढलं, तुमचा नाइलाज झाला. दुसऱ्या दिवशी कारखान्याचा एक तपासनीस आला. नाकाला रुमाल लावून त्यानं आपली खोली बघितली. सगळी चाळ दारात गोळा झाली होती. त्यानंच मोठ्यानं सांगितलं, की तुमचे मालक स्वतः पुढं येऊन बोलले, घरात कुजकी पानं आणि ओली माती आहे, बायको ऐकत नाही. बायको ऐकत नाही. माझ्या कानावर ते शब्द पडले तेव्हा तुम्ही नेच्याची टोपली आकड्यावरून उतरवत होतात. सगळं तुम्ही तुमच्या हातानं नेऊन रुळांच्या पलीकडं नाल्यापाशी ठेवलंत. मला वाटलं होतं, रात्र सरली की आणू, वडिलांकडं पाठवून देऊ. सकाळपर्यंत शेळ्यांनी क्रोटनचे बुडखे तेवढे ठेवले होते.

वडिलांना मी काय सांगितलं माहीत आहे? सांगितलं, कीड लागली. ते म्हणाले, तुझ्या हातच्या झाडाला कीड? ते गेले तेही असंच समजून, की पोरीनं झाडं मारली.

चाळीनं माझं काय केलं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंत. माझं नाव ‘बुरशीवाली’ पडलं. नळावर माझी कळशी शेजारच्या कळशीला लागली तर ती बाई पाणी ओतून द्यायची. गोदूबाईंनी आपली बाटली माझ्या दारात आणून फोडली, आणि पाळण्याच्या आकड्याचं ते वाक्य तेव्हाच काढलं, की झाडानं हिची कूस खाल्ली आणि आता कारखानाही खाल्ला. संक्रांतीला घरोघर हळदीकुंकू. मला बोलावणं नाही. मी केलं तर कुणी येईना. शकूचा तिळगूळ डब्यात तसाच राहायचा. ती विचारायची, आई, आपल्याकडं का कुणी येत नाही? तुम्ही तिथंच जेवत असायचात. तुमचा घास थांबायचा, हे मी बघितलं आहे. थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा.

मी तुम्हाला किती वेळा म्हटलं, एकदा बाहेर सांगा. भांडून म्हटलं, रडून म्हटलं, गौरीच्या दिवशी हात जोडून म्हटलं. तुम्ही म्हणायचात, "झालं गेलं गंगेला मिळालं. कशाला उकरतीस?" तुमचं मिळालं असेल गंगेला. माझं रोज नळावर उभं असायचं.

बरं, तुम्ही वाईट नवरा होतात असंही मला म्हणता येत नाही, आणि त्याचाच राग येतो. हात उचलला नाहीत. पगार घरात आणून दिलात. मला टायफॉइड झाला तेव्हा कारखाना बुडवून उशाशी बसलात, शकूची वेणी तुम्ही घातलीत, आणि ती वेणी इतकी घट्ट होती की पोरीचे डोळे ओढले गेले होते. मी तापातसुद्धा हसले. वाईट असतात तर सोपं होतं. चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. तुम्ही चांगले होतात आणि भित्रे होतात, आणि या दोन्हींच्या मधे मला बसवून गेलात.

तुमचं दिवसपाणी सगळं रीतसर झालं. चौदाव्याला पाहुणे गेले. भाऊजी शेतीची कामं आहेत म्हणून गावी गेले. संध्याकाळी तुमचा मित्र बबन आला. भरणी खोलीत तुमच्या शेजारीच काम करणारा. मला वाटलं, नेहमीसारखा विचारपूस करायला आला असेल. पण तो चहा घेईना. टोपी गुडघ्यावर ठेवून बसला आणि एकदम म्हणाला, "वैनी, माझ्यानं आता ऱ्हावत न्हाई. दत्तूनं मला शपथ घातली हुती, पर त्यो गेला, शपथ कुणासाठी पाळू?"

मग त्यानं सांगितलं. तुम्ही घरून एक बाटली भरणी खोलीत नेली होतीत. पिवळ्या शिंतोड्यांच्या वेलीची. खिडकीच्या कट्ट्यावर, औषधाच्या टाकीच्या वर, साहेबाच्या नजरेस पडू नये म्हणून पडद्याआड ठेवली होतीत. तिथं बाहेरचं काहीही न्यायला बंदी, तरी नेलीत. सगळ्यांना आवडायची म्हणे. दिवसभर पांढरी भिंत आणि पांढरे कपडे बघून डोळे शिणायचे, मग जो तो येता-जाता त्या वेलीकडं बघायचा. पाणी बदलायचं राहून गेलं, त्यात हिरवट तवंग आला. बाटल्यांत धागे दिसल्याचा बोभाटा झाला तेव्हा तुम्ही ती बाटली खिडकीतून मागच्या गवतात फेकून दिलीत. आणि तुमची पाळी आल्यावर आत जाऊन साहेबाला आपणहून माझं नाव सांगितलंत.

मी विचारलं, "त्या बाटलीनंच झालं का ते?"

"कुणाला ठावं वैनी. तुमची झाडं गेल्यावर बी दोनदा धागं आलं. तवा तर कुटं काय झाड न्हवतं. साहेबानं बी मंग त्यो इषय सोडला."

"यांना माहीत होतं ते? पुन्हा धागे आले ते?"

"आमीच तर समदे हुतो की तितं."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. माझी झाडं निर्दोष आहेत हे तुम्हाला अगदी पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तुमची वेलही बहुधा निर्दोष होती हे नंतर कळलं. घरी येऊन तेवढं सांगायचं होतं. तुम्ही घरी आलात आणि म्हणालात, भाकरी दे.

मी बबनला विचारलं, की त्यांनी ती वेल तिथं नेलीच का? त्यावर तो जरा हसला. म्हणाला, "बढाई मारायला. ठिवली तवा आमास्नी म्हन्ला, आमच्या घरी अशा कैक हायेत. बायकूनं घर असं सजवलंय, राजाच्या वाड्यात बी नसंल. येकदा येऊन बगा."

अहो, हे तुम्ही बबनला सांगितलंत? हे वाक्य मला सांगायला तुमचं काय जात होतं? जेवताना, एकदा, भाकरी मागायच्या आधी? मी त्या एका वाक्यावर जन्म काढला असता. मग पुढं तुम्ही माझं नाव घेतलंत तरी मी म्हटलं असतं, असू दे, माणूस घाबरला. आता ते वाक्य मिळालं तर असं, उष्ट्या ताटासारखं, दुसऱ्याच्या हातून, तुम्ही नसताना. आणि मिळालं तेव्हा त्याच्या पाठोपाठ तुमचा खोटेपणा चिकटून आला. कशाला रडू आणि कशाला ओरडू, मला कळेना. बबन गेल्यावर मी दोन्ही केलं. शकू घाबरून माझ्या पाठीला बिलगून बसली.

बबन जायच्या आधी मी त्याला एकच मागितलं. म्हटलं, "उद्या नळावर सगळ्या बायका असतील. त्यांच्यासमोर हे सांगा." तो म्हणाला, "वैनी, मेलेल्या मानसाची अब्रू. आन् दुसरं, सायबाच्या मनात हाय तुमाला कामावर घ्यायचं, बाटल्या धुवायच्या खात्यात. दत्तूसारका इमानी मानूस म्हनून. ह्ये भाईर आलं तर त्यो इचार करंल काय? शकूकडं बगा." बबन खोटं बोलत नव्हता. तो तुमच्यासारखाच चांगला माणूस आहे.

आणि खरं सांगू? बायकांनी ऐकलं असतं तरी आता काय होतं? उद्या गोदूबाईंचं मन फिरलं, संक्रांतीला माझी आठवण झाली, तरी त्या मला कुंकू कुठं लावणार? ते कपाळ तुम्ही पुसून गेलात. जोवर मला बोलावता येत होतं तोवर तुम्ही तोंड उघडलं नाहीत, आणि खरं कळलं तोवर मला बोलावता येण्याचे दिवसच संपले होते. असा हिशोब कुणी मुद्दाम करू म्हटलं तरी जमायचा नाही.

काल मी साहेबाकडं गेले. बबन बरोबर होता, तो दाराशी उभा राहिला. कारखान्यात मी पहिल्यांदाच पाय ठेवला. सगळीकडं पांढरं, ओल्या फरशीचा आणि औषधाचा वास. तुमच्या अंगाला यायचा तोच. साहेब माणूस सभ्य. त्यानं मला बसायला खुर्ची दिली, पण मी उभीच राहिले. तो म्हणाला, "तुमच्या मिस्टरांसारखा माणूस मिळणं कठीण. त्या वेळी सगळे गप्प होते. ते एकटे पुढं आले आणि स्वतःच्या घरातला दोष त्यांनी सांगितला. दुसरा कोणी असता तर लपवलं असतं."

मी बबनकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली.

साहेब पुढं म्हणाला, "काम द्यायला हरकत नाही. एकच विचारतो. घरात आता ती झाडं, माती वगैरे काही नाही ना?"

सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. खिडकीतली वेल, मागचं गवत, शेळ्या, वडील, शकूचा तिळगूळ. हाच तो एक माणूस, ज्याला सांगितल्यानं काही फरक पडला असता. त्यानं एक माणूस चाळीत पाठवून माझी झाडं बाहेर काढली, त्यानंच दुसरा पाठवून माझं नाव साफ केलं असतं. आणि मग मला नम्रपणे सांगितलं असतं, की सध्या जागा नाही. घरात तांदूळ किती आहेत ते मला माहीत होतं. शकू सकाळी शाळेत जाताना विचारून गेली होती, "आई, आज काम मिळेल ना?"

मी म्हणाले, "नाही साहेब, काही नाही. तेव्हा चूक माझीच झाली होती."

"ठीक आहे," साहेब म्हणाला. "सोमवारपासून या."

बाहेर आल्यावर बबन म्हणाला, "वैनी, लई मोठं मन तुमचं. दत्तूची लाज राखलीत." मी त्याला काही बोलले नाही. तुम्हाला बोलते. तुमची लाज राखायला मी ते म्हटलं नाही, शकूच्या पोटासाठी म्हटलं. त्या खोलीत तुम्हीही असेच उभे असाल, मागं शकू आणि मी, पुढं साहेब, आणि हातात दुसरं काही नाही म्हणून जवळचं नाव पुढं केलं असेल, हेही मला काल कळलं. कळलं म्हणून माफ केलं असं समजू नका. तुम्ही माझ्यावर आळ घेतलात तेव्हा निदान मला ठाऊक होतं की तो खोटा आहे, आणि मी नाही म्हणत होते. काल मी तो माझ्या तोंडानं कबूल केला. आता नाही म्हणायला कुणीच उरलं नाही.